व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यानंतर : सोबती कसा निवडावा आणि त्याच्याबरोबर काम कसे करावे

केंद्रातून माणूस घरी येतो तो दिवस कुटुंबाला सणासारखा वाटतो. चेहऱ्यावर तकाकी आलेली असते, हातांची थरथर थांबलेली असते, अंगावर थोडे मांस चढलेले असते. बहीण ओवाळते, घरात गोडधोड होते, शेजारी डोकावून जातात. मग संध्याकाळचे साडेसहा वाजतात आणि हाच माणूस गॅलरीत येरझारा घालू लागतो, कारण गेली बारा-पंधरा वर्षे या वेळी तो चौकात असायचा. केंद्रात या वेळेला गट बसायचा, कोणी ना कोणी बोलत असायचे, सातला जेवणाची घंटा व्हायची. घरात घंटा नसते. दारू, ब्राउन शुगर किंवा गोळ्या शरीरातून बाहेर काढण्याचे काम रुग्णालयात होते, विचारांची घडी बसवण्याचे काम केंद्रात सुरू होते. पण त्या साडेसहाचे काय करायचे हा प्रश्न घरीच सोडवावा लागतो, आणि त्यासाठी काही काळ सोबत लागते.

अशी सोबत व्यवसाय म्हणून देणाऱ्याला अमेरिकेत ‘सोबर कंपॅनियन’ किंवा ‘रिकव्हरी कोच’ म्हणतात. आपल्याकडे या कामाला अजून ठरलेले नाव नाही. कोणी ‘फॉलोअपवाले सर’ म्हणते, कोणी समुपदेशक, कोणी रुग्णमित्र. मी येथे ‘सोबती’ म्हणतो. त्यात स्त्रियाही आल्या. उपचार पूर्ण करून आलेल्या एका माणसाला, त्याच्या घरात आणि त्याच्या वस्तीत, ठरावीक काळ, ठरावीक मोबदला घेऊन जो साथ देतो तो सोबती, एवढीच व्याख्या पुरेशी आहे.

एकास एक सोबतीची कल्पना नवी नाही. मे १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी, धंद्यातला व्यवहार फसलेला आणि काही महिन्यांपूर्वीच दारू सोडलेला एक शेअर दलाल हॉटेलच्या दर्शनी दालनात एकटा उभा होता. एका टोकाला बारमधला गलबला ऐकू येत होता, दुसऱ्या टोकाला टेलिफोन होता. आपल्याला या क्षणी दुसऱ्या दारुड्याशी बोलण्याची गरज आहे हे ओळखून त्याने चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवायला सुरुवात केली आणि त्यातून त्याची गाठ गावातल्या एका पिणाऱ्या शल्यविशारदाशी पडली. पंधरा मिनिटे बसतो म्हणून आलेले डॉक्टर कित्येक तास बसले. बिल आणि डॉक्टर बॉब यांच्या त्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारी संघटना उभी राहिली. पुढे तिचे गट झाले, व्यसनातून बाहेर पडण्याच्या वाटेच्या बारा पायऱ्या ठरल्या. मूळ मात्र एका माणसाने दुसऱ्याला वेळ देण्यातच होते.

केव्हा शोधायला लागावे

बहुतेक कुटुंबे रुग्ण पहिल्यांदा घसरल्यानंतर, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळल्यानंतर, सोबतीची चौकशी करतात. हा उशीर टाळावा. आपल्याकडे निवासी उपचार साधारण महिना-सव्वा महिन्याचा असतो. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, जे १९८६ पासून हे काम करत आहे, तो ३५ दिवसांचा आहे. उपचार संपायला दहा दिवस असतानाच सोबती ठरवावा आणि त्याची पहिली भेट केंद्रातच घडवावी. या भेटीला रुग्ण, केंद्रातला समुपदेशक आणि सोबती असे तिघे असावेत. घरच्यांनी दुसऱ्या भेटीला यावे. पहिल्या भेटीत घरचे बसले की रुग्ण त्यांच्याकडे पाहून उत्तरे देतो, आणि सोबतीला त्या उत्तरांचा उपयोग नसतो.

या भेटीत डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्या, पुढच्या तपासणीची तारीख आणि यापूर्वी उपचार झाले असतील तर प्रत्येक वेळी पिणे पुन्हा कसे सुरू झाले याचा तपशील सोबतीने लिहून घ्यावा. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. माणूस सहसा ज्या दाराने मागे गेला त्याच दाराने पुन्हा बाहेर पडतो. ‘तेव्हा काय झाले होते?’ असे विचारले तर ‘टेन्शन होते’ एवढेच उत्तर मिळते. ‘तो वार कोणता होता, खिशात किती पैसे होते, शेवटचा फोन कोणाचा आला होता, दुपारी जेवला होतात का?’ असे विचारले की दार दिसू लागते.

निवड

सोबतीची पात्रता दोन प्रकारची असू शकते. एक म्हणजे समाजकार्य किंवा मानसशास्त्राचे शिक्षण आणि व्यसनमुक्तीच्या क्षेत्रातला प्रत्यक्ष अनुभव. दुसरी म्हणजे स्वतः व्यसनातून बाहेर पडून काही वर्षे झालेला आणि त्यावर रीतसर प्रशिक्षण घेतलेला माणूस. दोन्ही प्रकारची माणसे उत्तम काम करतात. माझे मत विचाराल तर पहिल्या महिन्यासाठी दुसऱ्या प्रकारचा माणूस अधिक उपयोगी पडतो, कारण त्याला थापा लगेच ओळखू येतात आणि तरी राग येत नाही. मात्र स्वतः सोडून सहा-आठ महिनेच झालेल्या उत्साही माणसाला हे काम देऊ नये. निदान दोन वर्षे झालेली असावीत. रुग्णाबरोबर सोबतीही पुन्हा व्यसनात गेला, असे घडताना मी पाहिले आहे.

सोबती नात्यातला नसावा, ज्याच्याकडे रुग्णाचे पैसे अडकले आहेत असा नसावा, आणि शक्यतो त्याच लिंगाचा असावा. स्त्री रुग्णासाठी तर स्त्री सोबतीचाच आग्रह धरावा. स्त्रियांचे व्यसन घरात दडवले जाते, उपचारही गुपचूप होतात, आणि परतल्यावर सासर-माहेर दोन्हीकडचे टोमणे ऐकावे लागतात; पुरुष सोबतीसमोर ते बोलले जात नाहीत.

चौकशीच्या वेळी चार गोष्टी सरळ विचाराव्यात. तुमच्यावर देखरेख कोणाची आहे, म्हणजे अडचण आल्यावर तुम्ही कोणत्या मनोविकारतज्ज्ञाला किंवा वरिष्ठ समुपदेशकाला विचारता? सध्या तुमच्याकडे किती रुग्ण आहेत? रुग्ण पुन्हा प्यायला तर तुम्ही पहिल्या दिवशी काय करता? हे काम केव्हा संपेल? ज्याच्यावर कोणाचीच देखरेख नाही त्याला घेऊ नये. जो ‘शंभर टक्के गॅरंटी’ देतो, जो माणसे पाठवून रुग्णाला उचलून नेण्याची तयारी दाखवतो, किंवा जो ‘भाजीत घालायची पावडर’ देतो, त्याला चहाही न पाजता वाटेला लावावे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमधल्या स्पॉन्सरशी सोबतीची गल्लत करू नये. स्पॉन्सर हा त्याच वाटेवर पुढे गेलेला सहप्रवासी असतो, तो पैसे घेत नाही, आणि त्याच्यावर वेळेचे बंधन घालता येत नाही. सोबती व्यावसायिक आहे, म्हणून त्याच्याकडे वेळेचा, नोंदींचा आणि गोपनीयतेचा हिशेब मागता येतो. एका माणसाला दोन्ही असणे चांगले. एकच माणूस दोन्ही असणे चांगले नाही.

कागदावर काय असावे

तोंडी बोलणे पहिल्याच आठवड्यात विसरले जाते, म्हणून दोन पानांचा साधा करार करावा. त्यात भेटींचे दिवस आणि तास, फोन कोणत्या वेळेत करायचा आणि रात्री-अपरात्री कोणत्या कारणासाठी करायचा, मोबदला भेटीमागे आहे की महिन्याचा, आणि काम संपण्याची तारीख असावी. सोबती रुग्णाला उसने पैसे देणार नाही व त्याच्याकडून घेणार नाही, त्याच्या घरी मुक्काम करणार नाही, त्याचा मोबाइल परवानगीशिवाय उघडणार नाही, हेही लिहावे.

सर्वांत जास्त वाद होतो तो ‘घरच्यांना काय सांगायचे’ यावर. पैसे वडील देतात, म्हणून सगळे आपल्याला कळले पाहिजे असे वडिलांना वाटते. ते चुकीचे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थाही धरल्या आहेत, आणि याच कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला आपल्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय राखली जाण्याचा हक्क दिला आहे. सोबती समुपदेशक असो वा नसो, हीच शिस्त त्याने पाळावी. आमच्या करारात आम्ही ढोबळमानाने असे लिहितो : भेट झाली की नाही, गोळ्या घेतल्या की नाही आणि पुढची भेट कधी, एवढे घरच्यांना कळेल, काय बोलणे झाले ते कळणार नाही. याला अपवाद तीन. जिवाला धोका असेल, लहान मुलाला धोका असेल, किंवा नशेत गाडी चालवली जात असेल तर सोबती ताबडतोब बोलेल, आणि तो बोलणार आहे हे रुग्णाला आधीपासून माहीत असेल. या कागदावर रुग्णाची सही सर्वांत वर घ्यावी. एका घरात मी ती सर्वांत शेवटी घेतली होती. त्या माणसाने पुढचे दोन महिने मला ‘बाबांचा माणूस’ म्हणूनच वागवले आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

घरी येण्याचा दिवस

डिस्चार्ज शक्यतो सकाळी घ्यावा. दुपारी बाराला निघाले की कागदपत्रे, औषधे, वाहतूक यांत वेळ जातो आणि घरी पोहोचेपर्यंत नेमकी ती अवघड वेळ होते. सोबतीने या प्रवासात बरोबर असावे. वाटेत जेवायचे असेल तर जेथे दारू मिळत नाही अशी खानावळ आधीच ठरवून ठेवावी, नाहीतर महामार्गावरच्या ‘फॅमिली गार्डन’च्या पाटीखाली गाडी थांबते.

त्याच दिवशी घराची सफाई करावी, पण घरच्यांनी आधी करून ठेवू नये. बायकोने माळा धुंडाळलेला असतो, कपाटे उचकटलेली असतात, तरी तिला सापडलेले नसते, कारण लपवण्याची कला तिला अवगत नाही. रुग्णाला आहे. सोबतीने त्यालाच म्हणावे, ‘तुम्ही दाखवा, मी पिशवी धरतो.’ मग फ्लशच्या टाकीतली चपटी निघते, स्कूटरच्या डिक्कीत टूलकिटच्या खालचा पव्वा निघतो, तांदळाच्या डब्याच्या तळाशी गुंडाळी निघते, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे काही तरी निघते. हे सगळे मोरीत ओतताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये आणि मोबाइलवर फोटो काढू नये. इंजेक्शनच्या सुया निघाल्या तर त्या जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करून रुग्णालयाच्या कचऱ्यात पोहोचवाव्यात. या अर्ध्या तासात जो विश्वास बसतो तो पुढे आठ-दहा भेटींतही बसत नाही.

साडेसहा ते नऊ

सोबतीच्या कामाचा गाभा या अडीच तासांत आहे. सकाळी अकराला येऊन सोफ्यावर बसून ‘कसे वाटते?’ विचारणारा सोबती फुकट गेला असे समजावे. पहिले दोन आठवडे रोज संध्याकाळी भेट असावी, आणि शक्यतो ती चालत असावी. दोन माणसे शेजारी शेजारी चालत असली की एकमेकांच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही, आणि अवघड गोष्टी सहज निघतात.

तलफ येते तेव्हा ती कायमची आहे असे वाटते. प्रत्यक्षात ती चढते, टोकाला जाते आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात ओसरते. हे सांगून पटत नाही, घड्याळ लावून पटते. सोबतीने रुग्णाला एक छोटी वही द्यावी आणि तलफ सुरू झालेली वेळ, ती किती जोराची होती याला दहापैकी गुण, तेव्हा आपण कोठे होतो आणि ती संपलेली वेळ, एवढेच लिहायला सांगावे. आठवडाभराने वही उघडली की दिसते, बहुतेक नोंदी एकाच वेळेच्या आणि दोन-तीन जागांच्याच आहेत. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टींची नोंद बाजूला करावी. यातली भूक सर्वांत सोपी आहे : साडेसहाच्या आत पोटभर खाणे झाले पाहिजे. मिसळ असो, उपमा असो की दोन पोळ्या आणि गूळ. रिकाम्या पोटी बसलेल्या माणसाला उपदेश करण्यापेक्षा त्याला खायला घालणे बरे.

भोसरीच्या एका कारखान्यात काम करणारा एक गृहस्थ माझ्याकडे होता. त्याच्या वहीत सात तारखेभोवती नोंदींची गर्दी झाली होती, कारण पगार सातला व्हायचा. बसस्टॉपसमोर परमिट रूम, आणि बस नेहमी उशिरा. वीस मिनिटे त्या पाटीकडे पाहत उभे राहायचे आणि मग आत शिरायचे, असा वर्षानुवर्षांचा क्रम. आम्ही दोघांनी मिळून कारखान्यापासून चालत निघून पाहिले. उलट्या दिशेने नऊ मिनिटे चालले की आधीचा थांबा लागतो, त्याच बसचा, आणि तेथे उसाच्या रसाची गाडी उभी असते. पहिल्या सात तारखेला मी त्याच्याबरोबर त्या थांब्यावर उभा राहिलो. दुसऱ्या महिन्यात तो एकटा उभा राहिला आणि रस पिताना त्याने मला फोन केला. तिसऱ्या महिन्यात फोन आला नाही. रात्री दहाला मी धास्तावून केला, तर तो जेवून झोपला होता.

झोपेविषयी घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. दारू सुटल्यानंतर कित्येक आठवडे, कधी काही महिने, झोप तुटक राहते. माणूस रात्री दोनला उठून बसतो, दिवसा चिडचिडतो, कशातच रस वाटत नाही. ही मेंदूची घडी बसण्याची प्रक्रिया आहे. ‘आता तर पीत नाहीस, मग तोंड का पाडून बसतोस?’ हे वाक्य या काळात बोलू नये. मनाने झोपेच्या गोळ्या तर अजिबात आणू नयेत, कारण त्यातल्या अनेक गोळ्यांचेही व्यसन लागते.

पैसा आणि घरची माणसे

पैशाच्या बाबतीत दोन टोके दिसतात. एका घरात माणसाकडून पाकीट, कार्ड, सगळे काढून घेतले जाते आणि चाळिशीतला माणूस रिक्षाला वीस रुपये मागत फिरतो. दुसऱ्या घरात ‘आता सुधारला’ म्हणून दुकानाचा गल्लाच त्याच्या हातात दिला जातो. मधला मार्ग रुग्णाने स्वतः सुचवावा आणि सोबतीने तो लिहून घ्यावा. पगार पत्नीच्या किंवा संयुक्त खात्यात, रोजच्या खर्चाला ठरावीक रक्कम, यूपीआयसाठी कमी शिल्लक असलेले वेगळे खाते, आणि दर पंधरवड्याला रक्कम थोडी वाढवणे, अशी व्यवस्था बहुतेकांना मानवते. जुन्या उधारीची यादी करावी, पण सगळ्यांचे देणे एकदम फेडायला धावू नये. बारवाल्याची उधारी फेडायला स्वतः कधीच जाऊ नये. ती भाऊ किंवा मेहुणा देऊन येईल.

घरच्यांसाठी सोबतीने आठवड्यातला एक तास वेगळा ठेवावा. पत्नीने गेली कित्येक वर्षे घर एकटीने ओढलेले असते. शाळेची फी, गॅस, सासूबाईंचे औषधपाणी, सगळे तिच्याकडे. हा परत आल्याबरोबर कर्तेपण मागू लागतो आणि तिचा त्यावर विश्वास नसतो; दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. जबाबदाऱ्या एकेक करून परत द्याव्यात : आधी मुलाला शिकवणीला सोडणे, मग वीजबिल, मग किराणा. रोज रात्री तोंडाचा वास घेणे बंद करावे. त्या माणसाला कळते, आणि ‘नाही तरी संशयच घेतात’ हे पिण्याचे तयार कारण त्याच्या हाती लागते. अल-अ‍ॅनॉन हे गट पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी आणि मित्रांसाठी असतात आणि काही केंद्रांत पत्नींचे स्वतंत्र गट भरतात. सोबतीने पत्नीला तेथे पहिल्यांदा स्वतः किंवा स्त्री सहकाऱ्याबरोबर नेऊन पोहोचवावे. नुसता पत्ता दिला तर ती जात नाही.

सणावारांची यादी पहिल्याच महिन्यात कॅलेंडर समोर ठेवून करावी. हळदीची रात्र, धुळवड, गावची जत्रा, आषाढ अमावास्येची गटारी, थर्टी फर्स्ट ही तर सर्वांना माहीत असलेली संकटे आहेत. आपल्याकडचा खरा चकवा श्रावणाचा आहे. अनेक पिणारे श्रावण पाळतात, काही गणपतीपर्यंत ओढतात, आणि ‘मी महिना-दीड महिना सोडू शकतो, म्हणजे मला व्यसन नाही’ असे त्यावरून सिद्ध करतात. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची भेट सोबतीने कधीही चुकवू नये. लग्नकार्याला जायचेच असेल तर स्वतःच्या वाहनाने जावे, जेवून लगेच निघावे, हातात सरबताचा पेला ठेवावा आणि एकदा खाली ठेवलेला पेला पुन्हा उचलू नये. नकार कसा द्यायचा याची तालीम मोठ्याने करावी, आणि सोबतीने आग्रह करणाऱ्या मामाची भूमिका अगदी निर्लज्जपणे वठवावी. ‘डॉक्टरांनी सध्या नको म्हटले आहे’ या उत्तरात ‘सध्या’ आहे, आणि मामा नेमका तोच शब्द पकडतो. ‘मी सोडली आहे’ एवढे तीन शब्द टिकतात.

गोळ्या

सोबती डॉक्टर नाही. गोळी सुरू करणे, बंद करणे, वाढवणे यातले काहीही त्याने करू नये. पण कोणती गोळी काय करते हे त्याला माहीत असलेच पाहिजे. डायसल्फिराम घेत असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो आणि जिवावरही बेतू शकते. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. म्हणून ही गोळी रुग्णाला न सांगता वरणात मिसळणे हा प्रेमाच्या पोटी केलेला अघोरी प्रकार आहे, आणि तो अजूनही घराघरांत चालतो. ही गोळी चालू असताना अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषध, माउथवॉश आणि आफ्टरशेव्हही टाळावे लागतात. नाल्ट्रेक्झोन हे तलफ कमी करणारे औषध घेणाऱ्याने अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी ते सांगितले पाहिजे, कारण अफूजन्य वेदनाशामके त्यावर काम करत नाहीत. तसे कार्ड पाकिटात असावे.

ब्राउन शुगर किंवा तत्सम पदार्थांतून बाहेर आलेल्यांच्या घरी एक गोष्ट स्पष्ट सांगावी, रुग्णासमोर सांगावी. उपचारांच्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी रोज घेत होता तेवढीच मात्रा आता एकदा घेतली तर श्वास थांबू शकतो. माणूस घोरल्यासारखा आवाज करतो आहे, ओठ निळसर झाले आहेत, हाक मारून उठत नाही, असे दिसले तर ‘झोपू द्या’ म्हणू नये; १०८ ला फोन करावा.

घसरल्यास

पहिल्या ९० दिवसांत घसरण्याचा धोका सर्वांत जास्त असतो, त्यामुळे काय करायचे हे आधीच लिहून ठेवावे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लाट यांनी दाखवून दिले की एका पेल्यापेक्षा त्या पेल्यानंतर मनात येणारा विचार अधिक घातक असतो : ‘गेलेच सगळे, आता काय उरले?’ या विचाराने एक संध्याकाळ पंधरा दिवसांची होते. सोबतीने म्हणूनच पहिल्या भेटीतच सांगावे की प्यायलात तरी मला फोन करा, आणि त्या फोनवर आवाज चढवू नये.

नशेत असलेल्या माणसाशी चर्चा करू नये. तो सुरक्षित आहे ना, गाडीची किल्ली बाजूला काढली ना, घरात हाणामारीची शक्यता नाही ना, एवढे पाहावे. कागद-वही दुसऱ्या दिवशी सकाळी काढावी. आदल्या दिवशीच्या सकाळपासून पेला उचलेपर्यंतचे टप्पे लिहावेत. दहा-बारा टप्पे निघतात आणि त्यातल्या चौथ्या-पाचव्या टप्प्यावर रस्ता बदलता आला असता हे रुग्णालाच दिसते. त्याच दिवशी केंद्राला किंवा डॉक्टरांना कळवावे. पिणे सलग काही दिवस चालले असेल तर घरीच ‘आजपासून बंद’ असा हुकूम काढू नये. एकदम थांबवल्यावर पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, थरकाप, नसलेल्या गोष्टी दिसणे सुरू होऊ शकते. अशा माणसाला रुग्णालयातच न्यावे लागते.

दारूपेक्षा शरम जास्त जीव घेते, असे मला अनेकदा वाटले आहे. घसरल्यानंतर ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असे बोलणाऱ्या माणसाला ‘मरावेसे वाटते का?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ते मनात येत नाही, आधीच असलेले बाहेर येते. त्या रात्री त्याला एकटे ठेवू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा १४४४६ हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर असावेत. ज्या कुटुंबाला सोबतीचा खर्च परवडत नाही त्यांनीही १४४४६ वर जवळच्या केंद्राची चौकशी करावी. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना शुल्क नाही, आणि अनेक केंद्रे आपल्या जुन्या रुग्णांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका घेतात.

सोबत कमी करत नेणे

पहिले दोन आठवडे रोज, मग दीड महिन्यापर्यंत आठवड्यातून तीनदा, मग तीन महिन्यांपर्यंत आठवड्यातून एकदा, आणि त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एक भेट व एक फोन, असा आराखडा बहुतेकांना पुरतो. भेट कमी केली की तिच्या जागी दुसरे काही तरी आलेले असले पाहिजे : सभा, व्यायामशाळा, भजनी मंडळ, मुलाचा अभ्यास, ओव्हरटाइम नसलेले एखादे काम. ही जागा रिकामी ठेवून भेट कमी करू नये. उलट, तीन महिने झाले तरी रुग्ण भाजी कोणती आणायची हेही सोबतीला विचारत असेल तर एक अवलंबित्व जाऊन दुसरे आले आहे असे समजावे आणि तसे बोलावे. यात सोबतीचाही मोह असतो. महिन्याचे ठरलेले उत्पन्न सोडवत नाही, आणि ‘तुमच्यामुळेच वाचलो’ हे ऐकायला गोड लागते. देखरेख करणारा वरिष्ठ असावा असे मी वर म्हटले, ते यासाठीही.

शेवटच्या भेटीत हिशेब चुकता करावा, कराराच्या प्रती फाडून टाकाव्यात आणि सोबतीकडच्या नोंदी कोठे व किती काळ राहतील ते सांगावे. तलफेची वही रुग्णाकडे ठेवावी. भोसरीच्या त्या गृहस्थाने आपली वही मला परत द्यायला काढली होती. मी घेतली नाही. मागची पाने कोरी आहेत, लागली तर वापरता येतील, एवढेच त्याला म्हणालो.